नाव कोणत्या खोक्याचं

सन दोन हजार चार. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आणि आमच्या गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावरच्या खुर्चीत माझ्याशिवाय दुसरं कोणी बसत नव्हतं.

आता दसरा सरला की अजूनही अमरावती-अकोला रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायला लागतात. मी ओट्यावर बसून पाहतो. टेम्पो इतके फुगवून भरलेले असतात की रस्त्याकडेची बाभूळ त्यांना ओरबाडते आणि तिच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. सकाळी थंडी, दुपारी ऊन चावते. हवेत सरकीचा तो थोडा तेलकट, थोडा धुळकट वास आला की माझ्या डोळ्यांपुढं काय यावं? कापसाची गंजी येत नाही, बैलगाड्यांची रांग येत नाही. कंप्युटरचा एक करडा पडदा येतो. त्यावर पांढरी खोकी, आणि खोक्यांजवळ नावं. माझ्यासारख्या चौथीतून उठलेल्या माणसाला हंगामाची आठवण म्हणून हे दिसावं, याचं माझं मलाच हसू येते.

ज्यांनी जिनिंगचा काटा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत लोखंडाची मोठी पाटी बसवलेली असते. गाडी कापसासकट तिच्यावर उभी करायची, वजन घ्यायचं. मग गाडी आत जाऊन कापूस रिकामा करून येते, तेव्हा पुन्हा वजन घ्यायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की कापूस किती ते निघते. बाजूला खोली, खोलीला खिडकी, खिडकीच्या आत मी. गाडी स्थिर झाली की मी आकडा ओरडायचो आणि आकड्यामागं त्या माणसाचं नाव. आधी आकडा, मग नाव. माझ्या आधी जे बसायचे ते तसंच ओरडायचे. यंत्रांच्या गरगराटात पहिलं ओरडणं अर्धं बुडते, तोवर माणसाचे कान उभे राहतात, मग त्याला आपलं नाव नीट ऐकू जाते. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, पण ते बरोबर होतं.

तो काळ आपल्या वऱ्हाडाचा बरा नव्हता. जीपा यायच्या, कॅमेरेवाले उतरायचे, कसं काय चाललं म्हणून विचारायचे. माणसं हळू बोलायला शिकली होती. पहिले जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्रभर थांबलेल्या गाड्यांत गाणी चालायची, चुलीवर तुरीच्या शेंगा उकळायच्या. त्या सालांत माणूस बैलाला पेंडी टाकायचा आणि आपल्याच चाकाला टेकून बसून राहायचा. अजून एक गोष्ट मी पाहिली. वजनाची पावती पहिले कोणी वाचत नव्हतं. घडी करून टोपीत खोचायचे. आता ती उलटी-सुलटी करून वाचायला लागले होते. मला राग यायचा. अरे, माझ्या हातची पावती आहे, वाचता काय? पण मनात कळायचं की हा माझ्यावरचा अविश्वास नाही. माणसाला त्या साली कशावरच भरोसा राहिला नव्हता.

त्याच हंगामात जिनिंगच्या मालकानं, शेठजींनी, ठरवलं की काट्यावर कंप्युटर बसवायचा. अकोल्याकडच्या सगळ्या जिनिंगमध्ये आला, आपणच मागं का. आणि प्रोग्राम कोणी करायचा? तर माझ्या सुनेनं.

मेघा तिवस्याची. अमरावतीला कंप्युटर शिकून आलेली. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. मुलगा अकोल्याला ट्रान्सपोर्टमध्ये कामाला, आठवड्याला एकदा घरी. आमच्या घरची रीत अशी की सासरा सुनेशी सरळ बोलत नाही. काही सांगायचं तर बायकोला सांगायचं, सूनबाई तिथंच चार हातांवर उभी असली तरी. "तिले म्हणा, चहा ठेव." "तिले म्हणा, साखर कमी टाक." माझी बायको सुशीला मध्ये बसून दोन्हीकडची बोलणी इकडून तिकडं करायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. निदान मला तरी नाही.

पण जिनिंगमध्ये सुशीला कुठून आणायची?

पहिल्या दिवशी कंप्युटर चालू झाला तो मी फार ताठ बसून चालवला. पडद्यावर सगळ्यात वर जिनिंगचं नाव. त्याच सकाळी शेठजी म्हणाले होते, नाव बारीक दिसते, मोठं करा. मेघानं मोठं केलं. मोठं केलं म्हणून ते खाली उतरलं आणि त्याच्या खालच्या नावाला जाऊन भिडलं. खालचं नाव होतं, "भरल्या गाडीचं वजन". मला ते सगळं मिळून जिनिंगच्या नावाचाच भाग वाटलं, पाटीवर दोन ओळी असतात तशा. त्याच्याखाली एक खोकं. त्याच्याखाली "खाली गाडीचं वजन", खाली म्हणजे रिकामी. त्याच्याखाली आणखी एक खोकं. तिसरं, "निव्वळ कापूस"चं, पार तळाला वेगळं होतं, ते कंप्युटरच वजाबाकी करून भरायचा.

आता तुम्हीच पाहा. दोन खोकी आणि दोघांच्या बरोबर मधोमध एक नाव. वरच्यापासून जितकं लांब, तितकंच खालच्यापासून. ते कोणाचं धरायचं? मी जन्मभर आधी आकडा आणि मग नाव ओरडलो. भिंतीवरच्या फोटोतही माणूस वर आणि त्याचं नाव खाली असते. मी नाव वरच्या खोक्याचं धरलं. म्हणजे वरचं खोकं खाली गाडीचं, उरलेलं खालचं भरल्या गाडीचं. हिशेब सरळ होता.

पहिली गाडी अचलपूरकडच्या सत्तारभाईची. आमच्याच वयाचा माणूस, जीभ कात्रीसारखी. भरली गाडी मोजली, रिकामी मोजली, मशीननं कुरकुर करत पावती बाहेर काढली. सत्तारभाईनं ती वाचली, खिडकीत कोपर टेकवलं.

"नारायणभाऊ, ही आडी रेघ कायची?"

"कोणती रेघ?"

"कापसाच्या वजनापुढं. ये तो उणे है." मग मागं वळून रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला, "अरे भाई, मी कापूस टाकून राहिलो का यांचा उचलून नेऊन राहिलो? जरा गाडीत पाहा बरं कोणी!"

सगळी रांग हसली. यंत्राजवळची माणसं काम सोडून आली. मीही हसलो असतो, पण सत्तारभाईचं हसू तोवर आटलं होतं. पावती माझ्यापुढं सरकवून तो हळूच म्हणाला, "भाऊ, चेष्टा जाऊ द्या. असा कागद घेऊन मी घरी जाणार नाही. यंदा नाही." आणि खिडकीपासून हलेना.

मी त्याला हातानं पावती लिहून दिली. तेवढ्यात मेघा आतून धावत आली. डोक्यावरचा पदर सावरत खिडकीबाहेर उभी राहिली. मध्ये कोणी नव्हतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, बहुतेक सासूबाई कुठून तरी प्रगट होतील म्हणून, आणि मग सरळ बोलली.

"मामाजी, तुमी भरल्या गाडीचं वजन खालच्या खोक्यात कावून टाकलं?"

"मंग कुठी टाकू?"

"वरच्या. नाव वर असते अन् खोकं त्याच्या खाली."

"तुह्या अमरावतीत असन. माह्या काट्यावर आकडा वर अन् नाव खाली असते."

"सगळीकडं नाव वरच असते, मामाजी."

"सगळे लोक इथी बसते का?"

तिनं डोळे खाली घातले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

शेठजींनी पाहिलंच होतं. ते रागावले नाहीत, त्यांचं रागावणं परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "उद्या बाजार बंद आहे. परवा नीट चाललं तर ठीक. नाही तर नागपूरची कंपनी आहे, प्रोग्रामही देते आणि चालवायला माणूसही." म्हणजे माझी खुर्ची आणि तिचं पहिलं काम, दोन्ही एकाच गाडीत भरून नागपूरला चालले होते.

दुसऱ्या दिवशीची दुपार मला अजून स्वच्छ दिसते. बाहेर शेजारणीनं वाळत घातलेल्या अंबाडीचा वास. माजघरात टेबलावर मेघाचा जुना कंप्युटर, अमरावतीहून एस.टी.त मांडीवर ठेवून आणलेला. ती समोर बसली. मी उंबऱ्यात उभा. सुनेच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं तर जन्मात जमलं नसतं. सुशीला मध्ये सुपात ज्वारी निवडत बसली होती.

पडद्यावर सगळीकडं बारीक ठिपके होते. नावं आणि खोकी उचलून या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर ठेवायची. सुशीलानं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "बापा! हे तं रांगोळीच घालून राहिली."

"तिले म्हणा, नावं खोक्याच्या खाली घे," मी म्हणालो.

"ती ऐकून राहिली. बहिरी नाही ती."

मेघानं नावं खाली घेतली. पण मग सगळ्यात खालचं "निव्वळ कापूस" हे नाव पडद्याच्या काठाखाली गेलं, दिसेचना. ती हात बाजूला घेऊन बसली आणि मला पाहू दिलं. मी बराच वेळ पाहिलं. नाव नसलेलं खोकं फार वाईट दिसते. घरात माणूस आला आहे आणि कोणी ओळखच करून देत नाही, तसं.

"तिले म्हणा, बाजूला घे."

"मामाजी, डावीकडं घेऊ का?" तिनं मलाच विचारलं. सुशीलानं सुपातून नजर वर केली नाही.

नावं खोक्यांच्या डावीकडं, एकेका ओळीत आली. आता कोण कोणाचं हे भांडण मिटायला हवं होतं. पण मी उंबऱ्यात होतो, लांब. लांबून मला वेगळंच दिसत होतं. सगळी नावं डाव्या काठाला धरून उभी. "भरल्या गाडीचं वजन" लांब, ते आपल्या खोक्यापर्यंत पोचायचं. "निव्वळ कापूस" आखूड, ते बिचारं तिकडं काठाला, आणि त्याचं खोकं इकडं दूर. मध्ये नुसतं रान. नजर त्या रानातून चालत निघाली की वाटेत वरच्या ओळीत शिरायची.

"आखूड नाव हरपलं," मी म्हणालो.

मेघानं खुर्ची मागं ढकलली, उठून पार माझ्या उंबऱ्यापर्यंत आली, आणि माझ्याजवळून, दोन हात सोडून, डोळे बारीक करून पाहिलं. मग परत गेली आणि काहीतरी केलं. सगळी नावं एका झटक्यात उजवीकडं सरकली. प्रत्येकाचं शेवटचं अक्षर आपापल्या खोक्याला टेकलं. पंगतीत माणसं भिंतीला पाठ लावून बसतात तशी. पुढून कोणाचे पाय लांब, कोणाचे आखूड, पण पाठी एका रेषेत.

मी मान डोलावली. बोलायची सवय नाही.

मग तिनं ओळींमध्येही अंतर टाकलं, जिनिंगचं नाव वर नेऊन लहान केलं. सरकवता सरकवता "खाली"च्या वेलांटीचा वरचा वळसा कापला गेला. मी म्हटलं, त्याचं डोकं उडालं. ती म्हणाली, हो, लेबलची उंची इंग्रजीच्या मापाची आहे, आपल्याला वर जागा लागते. उंची वाढवली, डोकं परत आलं. आता नाव किंचित खाली बसलं, ते केसभर वर घेतलं. असं संध्याकाळपर्यंत चाललं. चहा झाला. सुशीलाची ज्वारी निवडून झाली, ती दळण घेऊन गेली, परत आली तरी आमचं सुरूच. आल्या आल्या तिनं विचारलं, "अजून रांगोळी सुकली नाही का?" आणि तेव्हा मला कळलं की ती गेल्यावर मधल्या वेळात आम्ही दोघं तिच्याशिवायच बोलत होतो.

आता मी एकोणऐंशीचा आहे. मेघा अकोल्याला असते, असली पडदे करायची कामं घेते. अजूनही कधीमधी फोनवर चित्र पाठवते आणि मागून फोन करते, "मामाजी, लांब धरून पाहा बरं." मी मोबाईल हात ताणून धरतो. नाव वस्तूच्या किती जवळ असावं याचं मला काही शास्त्र येत नाही. फार खेटलं की दोन्ही वाचता येत नाहीत, फार दूर गेलं की परकं होते. आणि दोघांपासून सारखंच दूर राहिलं की ते कोणाचंच राहत नाही. एवढं मला दिसते. ते मी कंप्युटरावर शिकलो का घरात, हे मात्र मला सांगता येणार नाही. आणि त्या पहिल्या दिवशी मी चुकलो होतो, असं म्हणणाऱ्यांना मी आजही ओट्यावरून खाली उतरवतो. नाव मधोमध होतं. मधोमध असलेल्या नावाला दोन्हीकडचे हक्कदार असतात.

तर शेठजींनी सांगितलेला तो परवाचा दिवस. सकाळी धुकं होतं, गाड्यांच्या बैलांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. मागं आत यंत्रं सुरू झाली, कापसाचे तंतू हवेत, पापण्यांवर. शेठजी माझ्या खुर्चीमागं उभे. मेघा कोपऱ्यात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी पहिली भरली गाडी घेतली. आकडा वरच्या खोक्यात टाकला. डोळा आकड्यावर गेला की नाव आपोआप हाताशी यायचं, शोधावं लागत नव्हतं. गाडी आत गेली. रिकामी आली, आकडा टाकला, पावती निघाली. आडवी रेघ नव्हती. दुसरी, तिसरी. रांग सरकायला लागली. मी ओरडायला लागलो, आकडा आणि मग नाव, जसं नेहमी.

दुपारी शेठजी म्हणाले, "ठीक चाललं. राहू द्या हाच. फक्त वरचं नाव मोठं करून घ्या पुन्हा. इतकं बारीक बरं नाही दिसत."

मेघानं माझ्याकडं पाहिलं. नाव मोठं केलं की ते पुन्हा खाली येणार, आणि तिची ती नीट बसवलेली पंगत उठणार. पण नवी पोर, पहिलं काम, शेठला नाही कोण म्हणणार? ती हो म्हणायला तोंड उघडत होती.

"होणार नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाव मोठं होणार नाही. मोठं नाव पायजे तं फाटकावर पत्र्याचं लावा, रस्त्यावरून दिसन. इथी वजन करणारा बसते. त्याले तुमचं नाव ठाऊक आहे."

शेठजींचा चेहरा मी पाहिला नाही, पुढची गाडी काट्यावर आली होती. मला वाटलं, गेली खुर्ची. तरी मान वळवली नाही. मागून शेठजींचा आवाज आला, थोडा हसरा, थोडा कडू, "तुम्ही घरातले दोघंही सारखेच दिसता."

"हो जी," मेघा म्हणाली.

नागपूरचा माणूस आला नाही.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी सत्तारभाई पुन्हा गाडी घेऊन आला. पावती हातात घेऊन उजेडात धरली, वाचली, आडवी रेघ शोधली, सापडली नाही. तरी खिडकीतून हलेना. मान आत घालून इकडून वाकतो, तिकडून वाकतो.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"तुमची बहू काय लिवते ते पाहतो. पण इथून काय दिसते? कंप्युटरची पाठ!" मग जरा थांबून, "कागद तं बरोबर आहे, भाऊ. कागदावर येण्याआधी काय होते ते बी कधी दिसलं असतं तं बरं झालं असतं."

मी त्याला म्हटलं, चला, उशीर झाला, गाडी काढा. माझा काटा आतून पाहायची कोणाची छाती झाली नव्हती तोवर. रात्री जेवताना मी सुशीलाला काही सांगितलं नाही, मेघालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आधी मी खोलीत गेलो. टेबल एकट्यानं ओढलं, कंप्युटरची वायर ताणून खिळ्यावरून घेतली, आणि पडदा अर्धा खिडकीकडं वळवला, बाहेर उभ्या माणसाला नावं आणि आकडे सरळ वाचता येतील असा. माझी खुर्ची तिरपी झाली, मान दिवसभर वाकडी राहणार होती. मग खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि पहिल्या गाडीला हात केला.